टर्कीची दहावी गंमत

खोटं बोलायचंच असेल तर त्यात आकडा घालावा, म्हणजे ऐकणाऱ्याची शंका जागच्या जागी मरते. हे शास्त्र मापसाहेबांना चौतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. पण शिकवलं होतं ते पकडणाऱ्याच्या बाजूनं. वजनमाप खात्यात निरीक्षक होते ते. जो दुकानदार "असेल की किलोच्या आसपास" म्हणून कान खाजवायचा, त्याचं वजन हटकून बरोबर भरायचं. आणि जो "नऊशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम, साहेब, दोन ग्रॅम झीज आहे" असं छातीठोक सांगायचा, त्याचं वजन उलटं केलं की बुडाच्या भोकातलं शिसं अर्धं गायब. त्या शिशावरच तर खात्याचा शिक्का ठोकलेला असतो. शिसं गेलं की शिक्का गेला, आणि शिक्का गेला की इभ्रत गेली.

असा हा माणूस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एका टर्कीपायी स्वतःच हलका भरला, त्याची ही हकीकत. टर्कीचा त्यात काडीचा दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी साहेबांचा जीव काट्यातच अडकलेला होता. भाजीवाल्यानं ओळख ठेवून मूठभर जास्त घातलं तर ते परत काढायला लावत. "जास्त देणं हेही खोटंच वजन," म्हणत. भाजीवाले त्यांना लांबून येताना पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागत. दिवाणखान्यातल्या टेबलावर निरोपसमारंभात मिळालेलं पितळेचं एक किलोचं वजन होतं. त्याखाली कागद ठेवायची परवानगी घरात कुणाला नव्हती, कारण वजन हे कागद दाबायला नसतं.

या घरात साहेबांवर पूर्ण विश्वास असलेली व्यक्ती एकच होती. ती आठ वर्षांची होती, तिसरीत होती, आणि एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नसल्यामुळे तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगीचे आईवडील सकाळी कामाला जात ते दिवेलागणीला येत. मधला सगळा दिवस ती आजी-आजोबांची. शाळेत कुणी कशावरून वाद घातला की मुंगी शांतपणे सांगे, "माझे आजोबा वजनमापात होते." त्यावर काय बोलायचं हे तिसरीतल्या कुणालाच माहीत नसल्यामुळे वाद संपत असे.

शाळेत पक्षी-सप्ताह निघाला. प्रत्येकानं एका पक्ष्याच्या दहा गमती तक्त्यावर लिहून आणायच्या. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला मोर, कुणाला पोपट, कुणाला घुबड. मुंगीच्या चिठ्ठीत टर्की निघाला.

"टर्की म्हणजे कोंबडीच ना मोठी?" आजीनं विचारलं, आणि मुंगीच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारच्या मुलीला मोर मिळाला होता आणि आपल्याला मोठी कोंबडी.

"कोंबडी काय म्हणतेस," साहेब खुर्चीतून उठले. "टर्कीत काय आहे ते तुला ठाऊक नाही. मुंगे, तुझ्या तक्त्यापुढं मोर पाणी भरेल."

टर्कीत काय आहे ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी ते दारात उभे होते. तिथं पक्ष्यांचा एक जाडा कोश होता, त्यात टर्कीनं पावणेदोन पानं घेतली होती. ती वाचून साहेब थक्क झाले. टर्कीच्या डोक्याला पिसं नसतात, आणि त्या उघड्या कातडीचा रंग मनाप्रमाणं बदलतो: कधी लाल, कधी निळा, कधी पांढरा. नराच्या चोचीवर मांसाची एक सोंड लोंबते, ती लांबते आणि आखडते. रानटी टर्की ताशी चाळीस किलोमीटर धावतो आणि झोपायला झाडावर जातो. दात नसल्यानं खडे गिळतो आणि पोटातल्या पोटात त्यांच्यावर दाणे दळतो. त्याचं ओरडणं दीड किलोमीटरवर ऐकू जातं. अंगावर पाचसहा हजार पिसं. साहेबांनी खात्याच्या वळणदार अक्षरात दहा गमती उतरवून आणल्या. दहाव्या गमतीपाशी त्यांचा हात किंचित अडखळला होता, पण ती होती खरीच: टर्कीची विष्ठा पाहून नर की मादी ते सांगता येतं. नराची काठीच्या मुठीसारखी वळलेली असते, मादीची शंखासारखी गोल.

आता खरं म्हणजे हा कागद तसाच मुंगीच्या हाती द्यायचा. पण साहेबांना सवय होती कुठलाही कागद साक्षीदाराला दाखवायची. आणि साक्षीदार म्हणून त्यांना सापडले समोरच्या घरातले दाताचे डॉक्टर.

हे डॉक्टर सज्जन होते, शाळेच्या समितीवर होते, पण आयुष्यभर आ वासलेल्या माणसांशी बोलल्यामुळे समोरचा कधी उत्तर देऊ शकतो ही कल्पनाच त्यांच्या डोक्यातून गेली होती. त्यांनी कागद वाचला.

"डोक्याचा रंग बदलतो? हे कोण मानणार? राहू द्या, मुलं आहेत, चालेल. खडे खातो? हंहं. पण ही दहावी काढा, मापसाहेब. शाळेच्या भिंतीवर विष्ठा? मुलांच्या तक्त्यावर? मोठ्या बाई काय म्हणतील?"

"अहो पण ती खरी—"

"खरं पुष्कळ असतं. माझ्याकडे लोक जे तोंडात घेऊन येतात तेही खरंच असतं. मी त्याचा तक्ता लावतो का?"

साहेबांना ते पटलं. इभ्रतीचा प्रश्न निघाला की त्यांना काहीही पटे. त्यांनी दहावी गंमत पट्टी धरून खोडली. इथं पहिली चूक झाली. जगात खऱ्या गोष्टी खोडल्या की रिकामी जागा उरते, आणि रिकामी जागा फार वाईट.

संध्याकाळी मुंगी तक्ता, रंगीत खडू आणि पट्टी घेऊन जमिनीवर पालथी पडली. नऊ गमती उतरल्या. टर्कीचं चित्रही झालं. ते जरा कढईसारखं दिसत होतं, पण सोंड झकास होती.

"दहावी सांगा, आजोबा."

"नऊ पुरे."

"बाईंनी दहा सांगितल्यात. मोरवालीच्या दहा आहेत."

वाचनालय एव्हाना बंद झालं होतं. तक्ता सकाळी द्यायचा होता. मुंगीनं मान वर केली आणि खडू हातात धरून वाट पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर शंकेचा कण नव्हता. आजोबांना माहीत असणारच. माणसाला असं कुणी पाहिलं म्हणजे त्याला 'माहीत नाही' म्हणायला अंगात बळ लागतं. साहेबांच्या अंगात चौतीस वर्षांचा अनुभव होता, बळ नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "पाऊस येणार असला की टर्कीला आधी कळतं. तो एका पायावर उभा राहतो."

मुंगीनं लिहिलं. मग थांबली. "किती आधी?"

आणि साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "सतरा मिनिटं. डाव्या पायावर."

स्वयंपाकघरातून आजीनं डोकावून पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार झाला होता. नवऱ्याचा आवाज कुठं जड होतो ते तिला कळत होतं. पण ती काही बोलली नाही, आणि पुढं बरेच दिवस तिनं हे न बोलणं साहेबांच्या नाकासमोर धरून ठेवलं.

साहेबांचा हिशेब साधा होता. तक्ता आठ दिवस भिंतीवर राहील, मग रद्दीत जाईल. तक्त्यांचं आयुष्य ते किती. मोर, पोपट, घुबड यांच्या गर्दीत टर्कीची दहावी ओळ वाचणार कोण?

ती वाचली मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. गेल्या वर्षी शाळेच्या क्रीडादिनात त्यांच्या भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला धो धो पाऊस कोसळला होता. ध्वनिक्षेपक जळला, गाद्या भिजल्या, आणि बाईंचं भाषण जे राहिलं ते राहिलंच. वर्षभर त्या कुणाशीही बोलल्या तरी त्यात त्याच भाषणाचा चौथा परिच्छेद डोकावायचा. हवामानखात्यावरचा त्यांचा विश्वास तर कधीच उडाला होता. अशा बाईंच्या नजरेला 'सतरा मिनिटे, डावा पाय' पडलं.

"इतकी नेमकी माहिती कुठून आणलीस?"

"माझे आजोबा वजनमापात होते," मुंगी म्हणाली.

गावाच्या बागेत पक्ष्यांचे पिंजरे होते, त्यात टर्कीची एक जोडी होती. बाईंनी बागेच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं: क्रीडादिनासाठी एक टर्की एक दिवस मिळावा. अधीक्षकांचं उत्तर आलं की पक्षी देता येईल, परंतु त्याचा वापर हवामान-निरीक्षणासाठी होणार असल्यानं माहिती देणाऱ्यानं सोबतचा नमुना तीन प्रतींत भरून द्यावा. तो नमुना साहेबांच्या घरी आला. खाकी पाकीट, वर 'तातडीचे'.

साहेबांनी हयातभर लोकांकडून तीन प्रती मागितल्या होत्या. त्या भरणं म्हणजे काय असतं ते त्यांना आज कळलं. चौथा रकाना असा: 'सदर माहिती आपणांस कशी प्राप्त झाली? (अ) प्रत्यक्ष निरीक्षण (ब) ग्रंथ (क) अन्य.' साहेब त्या रकान्यापुढं दोन तास बसले. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. 'अन्य' या एका शब्दाच्या पदराखाली आजवर किती पापं पोसली गेली असतील याचा विचार त्यांनी प्रथमच केला. मग त्या पदराखाली स्वतःही शिरले. तिन्ही प्रतींत.

"अहो, जाऊन सांगा ना शाळेत," आजी शेवटी म्हणाली. "म्हणावं, चूक झाली."

"सांगणारच आहे."

"आणि बाईंच्या आधी मुंगीला सांगा."

यावर साहेबांनी पाकिटाला डिंक लावला. बाईंना सांगणं एक वेळ जमलं असतं.

तरी ते शाळेत गेले. इस्त्रीचा सदरा घालून गेले. कबुली द्यायची तर कपडे नीट हवेत. मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले तर मुंगीचा तक्ता काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलेला, आणि खुर्चीत दाताचे डॉक्टर बसलेले.

"बाई, ती दहावी गंमत जी आहे..."

"तिच्याचसाठी तर तुम्हाला बोलावणार होते," बाई म्हणाल्या. "आम्ही पर्जन्य समिती नेमलीय. तुम्ही अध्यक्ष."

"पण बाई, मला सांगायचं होतं की—"

"नम्रपणा नको," डॉक्टर म्हणाले. "मी यांना लहानपणापासून, म्हणजे ते निवृत्त झाल्यापासून ओळखतो. अर्धा ग्रॅम इकडचा तिकडं होऊ देणार नाहीत. आ करा, म्हणजे, सही करा."

साहेबांनी सही केली. बाहेर पडताना ते पायरीवर थोडे थांबले. परत जावं, एका दमात सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं. मग शिपायानं उठून त्यांना नमस्कार केला, "अध्यक्षसाहेब" म्हणाला, आणि ते जिना उतरून गेले. माणूस बुडतो तो असा: प्रत्येक पायरीवर कुणीतरी नमस्कार करतं.

रविवारी मुंगीनं त्यांना बागेत ओढून नेलं. तिला गमती पडताळून पाहायच्या होत्या. "तुम्ही नाही का दर दोन वर्षांनी दुकानात जायचात, तसं," ती म्हणाली. पिंजऱ्याजवळ राखणदार पाण्याची भांडी विसळत होता. काळा, धिप्पाड नर टर्की पिसारा फुलवून उभा होता. मादी कोपऱ्यात माती उकरत होती. मुंगीनं गजांना नाक लावलं, तसा नर दोन पावलं पुढं आला आणि पाहता पाहता त्याचं डोकं निळं झालं. गळ्याखालचं लोंबतं कातडं लालभडक. सोंड चोचीवरून घरंगळून खाली आली.

"आजोबा," मुंगी कुजबुजली, "हे खरंच आहे."

तिच्या आवाजात नवल होतं ते टर्कीचं. आजोबांचं नव्हे, आजोबा खरं बोलतात यात नवल कसलं? हा फरक साहेबांच्या तेव्हा लक्षात आला नाही. पुढं आला.

मुंगीनं वहीत बरोबरची खूण केली. रंगाला खूण, सोंडेला खूण. खड्यांचं राखणदारानं सांगितलं, खूण. ओरडण्याची तर टर्कीनं स्वतःच साक्ष दिली. मुंगी दचकून आजोबांच्या कमरेला बिलगली आणि हसत सुटली. मग तिनं आभाळाकडं पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता.

"दहावी क्रीडादिनालाच दिसेल."

"दहावी कसली?" राखणदारानं विचारलं.

मुंगीनं सांगितलं. राखणदार भांडं खाली ठेवून उभा राहिला. "एका पायावर? बाळा, तो थंडी वाजली, पाय ओले झाले की घेतो एक पाय पोटात. आपण नाही खिशात हात घालत? तसं. पावसाचं—"

"मुंगे, तिकडं बदकं बघ," साहेब घाईनं म्हणाले. ती पळाल्यावर त्यांनी राखणदाराकडं पाहिलं. राखणदारानं त्यांच्याकडं. तो पोक्त माणूस होता.

"मी कशाला बोलतोय साहेब," तो म्हणाला. "मी पक्ष्यांचं बघतो. माणसांचं त्यांचं त्यांनी."

एवढं बोलून तो पुन्हा खाली वाकला आणि जमिनीकडं बोट करून उत्साहानं म्हणाला, "एक मात्र खरी गंमत आहे, पोरीला दाखवतो. ही बघा विष्ठा, यावरून नर—"

"नको," साहेब म्हणाले.

क्रीडादिनाचं मुंगीला वेड लागण्याचं कारण टर्की नव्हतंच. तिसरीच्या रिले शर्यतीत ती होती. आजवर ती कशातच नसायची. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून नाचात मागं, नाटकात झाड. यंदा वर्गाच्या बाईंनी तिला पळताना पाहिलं आणि तिसऱ्या टप्प्यावर घेतलं. महिनाभर ती लाटणं हातात धरून गॅलरी ते स्वयंपाकघर पळत होती. आजोबा स्वयंपाकघरात लाटणं घ्यायला उभे असत, आणि आजी पोळीचा गोळा हातात घेऊन लाटणं कधी सुटतंय याची वाट बघत असे. "हात मागं ठेवा, आजोबा. बघायचं नाही. मी देतेच हातात. विश्वास ठेवायचा," मुंगी शिकवायची. ते हात मागं ठेवायचे, आणि लाटणं अचूक तळहातावर पडायचं.

क्रीडादिन उजाडला तो लख्ख. आभाळ घासलेल्या ताटासारखं. मैदानात धूळ बसावी म्हणून पहाटेच पाणी मारलेलं, गवत चांगलं भिजलेलं, आणि वारा गार. व्यासपीठाशेजारी एका पिंजऱ्यात टर्की, त्याच्यापुढं टेबल, टेबलावर घड्याळ आणि पाटी: 'पर्जन्य समिती'. पाटीमागं साहेब आणि डॉक्टर. मोठ्या बाईंचं भाषण निर्विघ्न पार पडलं, पाचही परिच्छेद. राखणदार पिंजऱ्यामागं सावलीत बसून सगळं पाहत होता.

लिंबू-चमचा झाली. पोत्याची शर्यत झाली. साहेबांची नजर टर्कीच्या पायांवरून हलत नव्हती. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दोन पायांवर उभं राहण्यासाठी एवढी प्रार्थना केली नव्हती. अकराला पाच कमी असताना तिसरीची रिले पुकारली. मुंगी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. बूट घट्ट बांधलेले, हात मागं करून पाहिलेला, पुन्हा पाहिलेला.

आणि टर्कीनं एक पाय पोटात घेतला.

"उचलला," डॉक्टर ओरडले. "बाई, उचलला."

धावपळ उडाली. मोठ्या बाई आल्या, दोन शिक्षक आले. "पण उभा कुठल्या पायावर आहे? डावा का?"

"हा उजवा दिसतोय."

"तुमचा उजवा. त्याचा डावा."

"त्यानं तोंड इकडं केलंय ना, मग त्याचा उजवा माझ्या..."

"माझ्या धंद्यात हे रोजचं आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशंटची डावी दाढ ती माझी उजवी. हा डावाच असावा. पण अध्यक्षांनी सांगावं."

सगळे साहेबांकडं वळले. हीच ती वेळ होती. 'बाई, हे सगळं मी रचलंय' एवढी पाच शब्दांची गोष्ट. साहेबांनी तोंड उघडलंही. पण उघडता उघडता त्यांची नजर मैदानावर गेली. मुंगी टर्कीकडं पाहत नव्हती, त्यांच्याकडं पाहत होती. तिनं लांबूनच ओळखलं होतं काय झालंय ते, आणि ती शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसून दाखवत होती: ते बघ, माझे आजोबा. तिचं तोंड असं फुललं होतं की शर्यत जिंकून आल्यासारखं.

"डावाच," साहेब म्हणाले.

बाईंनी शिट्टी फुंकली. सतरा मिनिटांत सहाशे मुलं सभागृहात नेली गेली. गाद्या गुंडाळल्या, ध्वनिक्षेपक उतरवला, पालकांना व्हरांड्यात उभं केलं. सगळं इतक्या शिस्तीत झालं की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळाव्या मिनिटाला मैदान रिकामं होतं. उन्हात फक्त टर्की, तोही आता दोन्ही पायांवर, पिंजऱ्याच्या तळाशी दाणे शोधत.

सतरा. अठरा. वीस. व्हरांड्यातून दोनशे माणसं निळ्याशार आभाळाकडं पाहत होती. "घड्याळ पुढं असेल," कुणी म्हणालं. "पाऊस वाटेत असेल," डॉक्टर म्हणाले. पस्तीस मिनिटं झाली. मग शाळेच्या बसगाड्या आल्या. त्या थांबत नसतात. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. पदकं तर आणलेली होती, तेव्हा बाईंनी त्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. तिसरीच्या रिलेत मुंगीच्या गटाला दुसरा नंबर निघाला.

आजोबा-नात चालत घरी निघाले. पदक मुंगीच्या गळ्यात होतं, पण ती ते एका हातानं धरून होती, हलू नये म्हणून. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या दुकानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, पुस्तकात चुकीचं छापलं असेल."

हे वाक्य म्हणजे उघडं दार होतं. पोरीनं स्वतःच्या हातानं उघडून धरलं होतं. कोश जाडा होता, लांब होता, आणि त्याला तोंड नव्हतं. साहेबांनी एक पाऊल त्या दारात टाकलंही. मग ते थांबले.

"पुस्तकात नव्हतं ते," ते म्हणाले. "मीच सांगितलं. मनानं."

मुंगीही थांबली. "बनवलं?"

"हो."

तिनं विचार केला. रस्त्यानं एक सायकल घंटी वाजवत गेली.

"सतरापण?"

"सतरापण."

ती पुढं चालू लागली. साहेबांना वाटलं होतं रडेल, ओरडेल, बोलणं टाकेल. तसं काही झालं नाही. त्यांचा हात तिनं सोडला, तोही रागानं नाही. पदक धरायला दोन्ही हात लागत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शाळेत लेखी कबुली दिली. तीन प्रतींत. मोठ्या बाईंनी ती वाचली, फायलीत लावली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आम्ही छत घालू." डॉक्टर जिन्यात भेटले. "तोंड उघडायला उशीर केलात, मापसाहेब," ते म्हणाले. "वेळेवर आला असतात तर नुसतं भरून भागलं असतं." साहेबांनी हे सगळं सोसलं. इभ्रत जाते ती वाटते तितकी दुखत नाही, असं त्यांना आढळलं. दुखतं ते दुसरंच.

घरात मुंगी त्यांच्याशी फार नीट वागत होती. आजोबा म्हणाले चार वाजले, की ती मान वळवून घड्याळ पाही. आजोबा म्हणाले बाहेर गार आहे, की गॅलरीत जाऊन येई. एकदा तर आजीला हळूच विचारताना त्यांनी ऐकलं, "आजी, आजोबांनी खरंच मोठ्या गोदामाचा काटा बंद केला होता का?" तो काटा त्यांनी खरंच बंद केला होता, मालकाच्या शिव्या खाऊन, पावसात उभं राहून. आजी म्हणाली, "खरंच गं." मुंगी म्हणाली, "बरं." लाटणं आता सकाळपासून आजीच्याच हातात असायचं.

शाळेतल्या तक्त्याची चौकट काढून तो घरी परत आला होता. दहाव्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि बाईंनी शिसपेनीनं लिहिलं होतं: 'योग्य गंमत लिहून आण.' मुंगी पुन्हा जमिनीवर पालथी पडली. खडू घेऊन, पण मान वर न करता.

साहेब खुर्चीतून उठून तिच्याजवळ बसले. मग म्हणाले, "एक आहे. आधीच सांगायची होती. जरा घाणेरडी आहे." आणि त्यांनी विष्ठेची गंमत सांगितली, काठीची मूठ, शंख, सगळं. त्यात एकही आकडा घातला नाही.

मुंगीनं पुढं विचारलं नाही. "बघते," म्हणाली, आणि खडू डबीत ठेवला.

रविवारी ती आजीबरोबर बागेत गेली. साहेबांनी बूट बाहेर काढून ठेवले होते, ते कुणी घाला म्हटलं नाही, म्हणून पुन्हा जागेवर ठेवले. मग ते गॅलरीत जाऊन बसले. हातात चाळा म्हणून पितळेचं वजन घेतलं. ते उलटं करून अंगठ्यानं बुडाचं शिसं चाचपलं. शिक्का शाबूत होता. वजन निर्जीव असतं, त्याचं बरं असतं. हलकं भरलं तर थोडं शिसं ओतायचं, वर ठोका मारायचा, की ते पुन्हा बाजारात ताठ मानेनं बसतं. कालचं कुणी काढत नाही.

तासाभरानं रस्त्याच्या टोकाला आजी दिसली, आणि तिच्या पुष्कळ पुढं मुंगी. ती पळत होती. रिलेत पळली असती तशी पळत होती. बुटकी, कोपरं अंगाशी धरून, सरळ रेषेत. पहिला नंबर आला असता. साहेबांनी हे चौतीस वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यात रत्तीचीही चूक नव्हती.

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. दारात उभी राहून धापा टाकत तिनं आजोबांकडं पाहिलं, पुष्कळ दिवसांनी सरळ पाहिलं, आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आजोबा, खरंच होतं."

बागेत त्या दिवशी हेच शब्द तिनं टर्कीचं निळं डोकं पाहून उच्चारले होते. तेव्हा तिला नवल वाटलं होतं ते टर्कीचं.